ट्यून-अप केलं आणि गाडी रुसली: जुन्या पद्मिनीचा करंट कुठे अडतो, ते शोधायचं कसं?

सवमधून बोलतोय, बाहेर सावित्रीच्या बाजूने मस्त वारा सुटलाय, तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये मधेच खिडकी वाजली तर समजून घ्या. ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचे हात आत्ता ग्रीसने भरलेत आणि मोबाईल बोनेटवर उघडा ठेवलाय, त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलताना जे विस्कळीत झालं ते इथे थोडं नीट लावलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून आला. मुलगा पोलादपूरकडचा. घरी आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे. चालत होती, फक्त पिकअप कमी वाटत होता. म्हणून त्याने आणि त्याच्या चुलतभावाने सुट्टीत ट्यून-अप करायचं ठरवलं. नवीन प्लग, नवीन पॉइंट, नवीन कंडेन्सर, डेल्कोची नवीन कॅप, नवीन वायरी, सगळं एका दुपारी बदललं. आणि आता? सेल्फ मारला की सुरू होते, पण उभ्या उभ्या थरथरते, कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो. बाहेर काढली तर कशेडीच्या चढाला पंधरा-वीस मिनिटांत बंद. अर्धा तास थांबलं की परत सुरू. एक मिस्त्री म्हणाला कॉइल गेली. दुसरा म्हणाला इंजिन खोलावं लागेल. आणि काका म्हणतायत, "द्या आता भंगारात."

मंडळी, हे शेवटचं वाक्य ऐकून मी म्हटलं, याच्यावर पूर्ण एपिसोड करायचा. कारण अशा कितीतरी गाड्या इंजिन संपलं म्हणून भंगारात जात नाहीत. दोनशे-तीनशे रुपयांचा पार्ट चुकीचा बसलाय आणि तो कुणाला सापडत नाही, म्हणून जातात.

ही गाडी नक्की कुठली?

ज्यांनी पद्मिनी फक्त जुन्या सिनेमात पाहिलीय त्यांच्यासाठी थोडक्यात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवायला सुरुवात केली. १९७० च्या दशकात तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २००३ मध्ये नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या मात्र अजून आहेत. गणपतीला मुंबईहून गावाला आलेली आणि मग गावातच राहिलेली पद्मिनी आपल्याकडे एखाद्या पडवीत दिसतेच.

आजचं सगळं फक्त पद्मिनीला लागू नाही. ॲम्बेसेडर, जुनी पेट्रोल जीप, जिथे जिथे पॉइंट-कंडेन्सर आहे तिथे पद्धत हीच.

आधी हे समजून घ्या: करंट बनतो कसा?

बॅटरी १२ व्होल्टची. प्लगच्या टोकाला ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात, साधारण पंधरा-वीस हजार. मधलं काम कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर मिळून करतात.

कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. दुसरी बारीक तारेची, खूप वेढ्यांची. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा जाड तारेतून करंट वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकत्व तयार होतं. पॉइंट उघडले की हा करंट अचानक तुटतो, चुंबकत्व कोसळतं, आणि त्या झटक्यात बारीक तारेत प्रचंड व्होल्टेज उभं राहतं. पाण्याचा नळ जोरात चालू असताना एकदम बंद केला की पाईप धाडकन वाजतो ना? जवळपास तसंच. ठिणगी पॉइंट मिटल्यावर पडत नाही, उघडल्यावर पडते. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे तीनदा लागणार आहे.

मग कंडेन्सर कशाला? पॉइंट उघडताना करंट त्या बारीकशा फटीतून उडी मारायला बघतो. तिथेच ठिणगी पडली तर करंट झटकन तुटत नाही आणि पॉइंटही जळतात. कंडेन्सर तो धक्का स्वतःत घेतो. तो खराब झाला तर प्लगची ठिणगी निळी-जाड राहत नाही, पिवळी-बारीक होते.

तिथून पुढे हा मोठा करंट जाड वायरीने डेल्कोच्या कॅपच्या मध्यभागी येतो, आत फिरणारा रोटर तो एकेका सिलिंडरच्या वायरीला वाटतो. ज्याला पुस्तकात डिस्ट्रिब्युटर म्हणतात त्याला आपल्याकडे बऱ्याच गॅरेजांत डेल्को म्हणतात, त्याच्यावर नाव दुसऱ्याच कंपनीचं असलं तरी. हा शब्द आला अमेरिकेतून. चार्ल्स केटरिंग आणि त्याच्या सोबत्यांनी ओहायोतल्या डेटन गावात १९०९ मध्ये डेल्को नावाची कंपनी काढली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांवर ही बॅटरी-कॉइलची पद्धत आणली. पद्मिनीत आहे तीही मुळात तीच.

आता एक हिशेब. चार स्ट्रोकच्या चार सिलिंडर इंजिनात प्रत्येक फेरीला दोन ठिणग्या. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल तर मिनिटाला ६०००, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या. पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडमिट करतायत. म्हणून तिथे कागदाच्या जाडीएवढा फरकही गाडीला जाणवतो.

मूळ मुद्दा: शेवटचा बदल कोणता?

माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा. तिथे एक साधा नियम आहे. काल चालत होतं, आज बंद पडलं, तर आधी बघायचं की मधे काय बदललं. नवीन सिद्धांत मांडायचे नाहीत. ट्यून-अपनंतरच्या बिघाडाला हाच नियम लावा. गाडी ट्यून-अपच्या आधी चालत होती. म्हणजे इंजिनाचं कॉम्प्रेशन त्या एका दुपारी गेलेलं नाही. संशयित फक्त पाच: प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॅप, वायरी. आणि सहावा, आपला हात, म्हणजे या गोष्टी बसवताना हललेलं टायमिंग. इंजिन खोलण्याचा विषय या यादीत कुठेच येत नाही.

दुसरी गोष्ट, नवा पार्ट म्हणजे चांगला पार्ट असं गृहीत धरू नका. कंडेन्सर, रोटर, कॅप यांच्यात नव्या खोक्यातून खराब माल निघणं अजिबात दुर्मिळ नाही. म्हणून काढलेले जुने पार्ट फेकायचे नाहीत. पिशवीत घालून डिकीत ठेवा. नव्यावर गाडी काही शे किलोमीटर नीट चालेपर्यंत तो तुमचा बॅकअप.

तिसरी गोष्ट, एका वेळी एकच बदल. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तरी तेच.

हात लावायच्या आधी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. ओढणी, सैल बाही पंख्यापासून लांब. पेट्रोल कुठे गळत नाही ना बघा, कारण आपण मुद्दाम ठिणग्या पाडणार आहोत. करंटची वायर उघड्या हाताने धरायची नाही, रबरी मुठीची पकड वापरा. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने यापासून लांबच राहायचं.

आणि एक, चावी चालू ठेवून गप्पा मारत बसू नका. इंजिन बंद आणि पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून सतत करंट वाहतो. कॉइल तापते, पॉइंट जळतात. तपासलं की चावी बंद.

सामान फार लागत नाही: फिलर गेज, साधा मल्टीमीटर, १२ व्होल्टचा छोटा बल्ब दोन वायरी जोडून, आणि एक जुना चांगला प्लग. मोबाईल तर आहेच.

पायरी १: बॅटरी

मल्टीमीटर लावा. भरलेली बॅटरी शांत असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा दहाच्या बराच खाली गेला तर आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी बघा. आपल्या कोकणातल्या दमट हवेत ही पट्टी गंजते आणि कुणाचं लक्ष जात नाही. सेल्फनेच सगळी ताकद खाल्ली तर कॉइलला काय उरणार?

पायरी २: गाडी मधोमध कापा

म्हणजे खरंच कापू नका! बिघाड शोधताना रस्त्याच्या मधोमध तपासायचं. मधे सगळं ठीक असेल तर अर्धा रस्ता एका झटक्यात सुटतो.

आपला मध्य म्हणजे कॉइलमधून डेल्कोच्या कॅपकडे जाणारी जाड वायर. ती कॅपमधून काढा, तिच्या टोकाला जुना प्लग लावा, प्लगचं लोखंड इंजिनाच्या स्वच्छ धातूला नीट टेकवा. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा.

निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी पडली? मग बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर निदान या क्षणी काम करतायत. पुढे पायरी ४ ला जा.

पिवळी, बारीक, मधेच पडणारी ठिणगी? कंडेन्सर, पॉइंटची तोंडं, कॉइल यांपैकी काहीतरी. ठिणगीच नाही? पायरी ३.

पायरी ३: ठिणगीच नाही

कॉइलला वर दोन बारीक टर्मिनल असतात. एकाला चावीकडून करंट येतो, दुसरं डेल्कोकडे जातं. बल्बची एक वायर बॉडीला लावा, दुसरी टेकवत चला. चावी चालू.

चावीकडच्या टर्मिनलला बल्ब पेटला पाहिजे. नाही पेटला तर बिघाड चावी किंवा वायरिंगमध्ये आहे, डेल्कोला दोष देऊ नका.

आता डेल्कोकडच्या टर्मिनलला बल्ब लावून सेल्फ मारा. पॉइंट मिटले की बल्ब विझतो, उघडले की पेटतो, म्हणजे तो लुकलुकला पाहिजे. लुकलुकतोय तर पॉइंटचं काम चालू आहे, संशय कॉइल किंवा कंडेन्सरवर.

बल्ब कायम पेटलेलाच? मग पॉइंट मिटतच नाहीत, किंवा मिटूनही त्यांच्यातून करंट जात नाही. नव्या पॉइंटच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो पुसलाच नाही तर हेच होतं. तेलकट फिलर गेज पॉइंटमध्ये घातला तरी हेच. स्वच्छ कोरा कागद पॉइंटच्या मधे धरून ओढून काढा, काळा डाग येईनासा होईपर्यंत.

बल्ब कायम विझलेलाच? डेल्कोकडे जाणारी वायर कॉइलवरून काढा आणि बल्ब थेट त्या टर्मिनलला लावा. आता पेटला तर कॉइल ठीक आहे आणि डेल्कोच्या आत कुठेतरी करंट बॉडीला जातोय. नाही पेटला तर कॉइलची जाड तार तुटलीय.

डेल्कोच्या आतल्या अशा शॉर्टचं ट्यून-अपनंतरचं नेहमीचं कारण म्हणजे पॉइंटच्या स्क्रूवरचा छोटा फायबरचा किंवा प्लास्टिकचा वॉशर. पॉइंटची पत्ती, कंडेन्सरची वायर आणि कॉइलची वायर एकमेकांना चिकटून हव्यात, पण बॉडीपासून वेगळ्या. वॉशर उलट्या क्रमाने बसला की करंट सरळ बॉडीत. नवा कंडेन्सर आतून शॉर्ट असेल तरी हेच लक्षण. त्याची वायर सुटी करून बघा, बल्ब लुकलुकायला लागला तर चोर सापडला.

पायरी ४: करंट आहे, पण गाडी नीट चालत नाही

आपल्या श्रोत्याच्या गाडीचा पहिला त्रास इथला. थरथर आणि कार्बोरेटरमधून फटफट.

आधी कॅप काढून आत बघा. रोटर आहे का? हसू नका, कॅप बदलताना रोटर बाहेर राहून जातो. कॅपच्या मधला छोटा कार्बन स्प्रिंगवर दबतोय का? कॅपला आतून केसासारखी काळी रेघ दिसतेय का? ती रेघ म्हणजे करंटने शोधलेली पळवाट, ती कॅप बाद. वायरी भोकांत तळापर्यंत बसल्यात का?

मग फायरिंग ऑर्डर. पद्मिनीची १-३-४-२. ॲम्बेसेडरची आणि जुन्या विलीस जीपचीही तीच. एक नंबर म्हणजे रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर. सगळ्या वायरी एकदम काढल्या की दोन वायरींची अदलाबदल होणं अगदी सोपं. मग गाडी सुरू होते, पण दोनच सिलिंडरवर. उरलेल्या दोघांना चुकीच्या वेळी ठिणगी मिळते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडून किंवा सायलेन्सरकडून भडकतं. फटफट आवाज तोच.

खात्री कशी करायची? एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा, इंजिन हाताने हळू फिरवा. हँडल असेल तर हँडलने, नाहीतर सगळे प्लग काढून, गाडी सपाटीवर वरच्या गिअरमध्ये टाकून हलकेच ढकला. अंगठा जोरात बाहेर ढकलला जाईल, तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पुढे टायमिंगच्या खुणेपर्यंत आणा. आता रोटर कॅपच्या ज्या टोकाकडे बघतोय ती एक नंबरची वायर. मग रोटर फिरतो त्या दिशेने ३, ४, २. दिशा इंजिनाप्रमाणे वेगळी असते, म्हणून कॅप काढून एकदा सेल्फ मारून डोळ्यांनी बघा.

अंगठा का? एक आणि चार नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर येतात. फक्त खूण बघितली तर चारचा स्ट्रोक एकचा समजून सगळ्या वायरी अर्ध्या फेरीने उलट्या लागतात.

ऑर्डर बरोबर आहे तरी मिसिंग होतंय? गाडी चालू ठेवून रबरी पकडीने एकेक प्लगची वायर क्षणभर काढा. चांगल्या सिलिंडरची काढली की इंजिन पडतं. ज्याची काढून काहीच फरक पडत नाही तो मेलेला. मग त्याचा प्लग शेजारच्याला आणि शेजारचा त्याला लावा. बिघाड प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. जागेवरच राहिला तर वायर किंवा कॅप. वायर नेहमी टोपीला धरून काढा, मधे धरून ओढली तर आतला कार्बनचा धागा तुटतो आणि बाहेरून काही कळत नाही.

पायरी ५: आधी गॅप, मग टायमिंग, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी

हा क्रम पाठ करा. कारण पॉइंटची गॅप बदलली की टायमिंग आपोआप बदलतं. गॅप मोठी म्हणजे पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी लवकर. गॅप लहान म्हणजे उशीर. आधी टायमिंग लावून नंतर गॅप लावली तर टायमिंगचं काम फुकट.

गॅप मोजताना पॉइंट पूर्ण उघडलेले हवेत, म्हणजे फायबरची टाच कॅमच्या कोपऱ्यावर. अशा बहुतेक चार सिलिंडर गाड्यांत पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान आणि प्लगची ०.६ ते ०.७ च्या आसपास असते, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. कॅमला अगदी थोडं ग्रीस लावा. कोरडं ठेवलं तर टाच झिजते, गॅप मिटत जाते, आणि "दोन दिवस मस्त चालली, मग बंद पडली" ही तक्रार येते. नवी टाच सुरुवातीला तशीही थोडी बसते. म्हणून काही शे किलोमीटरनंतर गॅप परत बघायची.

टायमिंग लावायला तोच बल्ब. डेल्कोकडच्या टर्मिनलला आणि बॉडीला जोडा, इंजिन पुस्तकात सांगितलेल्या खुणेवर आणा, डेल्कोचा बोल्ट सैल करा, चावी चालू. डेल्को रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवा, मग रोटरच्या उलट दिशेने हळू परत आणा. बल्ब पेटतो ती जागा म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण, म्हणजेच ठिणगीचा. तिथे बोल्ट आवळा. रोटरच्या उलट दिशेने फिरवलं की ठिणगी लवकर, त्याच दिशेने फिरवलं की उशिरा.

ठिणगी फार लवकर असेल तर सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देतं आणि चढाला खडखड नॉकिंग होतं. फार उशिरा असेल तर पिकअप मरतो, इंजिन तापतं. नॉकिंग तसंच चालू ठेवून घाट चढणं म्हणजे पिस्टनला मार देणं. तेव्हा मात्र इंजिन खरंच खोलायची वेळ येते.

हे सगळं झाल्यावर कार्बोरेटर. त्याआधी त्याच्या स्क्रूला हात लावला की एकाचे दोन बिघाड होतात.

पायरी ६: थंड असताना ठीक, घाटात बंद

श्रोत्याचा दुसरा त्रास. गरम झाली की बंद, थंड झाली की सुरू. याला तीन संशयित: कंडेन्सर, कॉइल आणि पेट्रोल.

गाडी बंद पडल्या पडल्या, थंड व्हायच्या आत, पायरी २ ची ठिणगी बघा. अर्ध्या तासाने बघितली तर ती ठीकच असणार, काही कळणार नाही. ठिणगी चांगली असेल तर पेट्रोल. उष्णतेने पंपात किंवा पाईपमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे ते यासाठीच.

ठिणगी नाही किंवा पिवळी? डिकीतल्या पिशवीतून जुना कंडेन्सर काढा आणि लावा. दहा मिनिटांचं काम. गाडी घाट चढून गेली तर नवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतोय. आपल्या श्रोत्याने कॉइल बदललेलीच नाही, कंडेन्सर मात्र नवा आहे. म्हणून पहिला संशय कंडेन्सरवर, कॉइलचे पैसे नंतर.

पण तुम्ही कॉइल बदलली असेल तर एक तपासा. कॉइल दोन प्रकारच्या. एकीची जाड तार साधारण ३ ओहमची, ती थेट १२ व्होल्टवर चालते. दुसरी साधारण दीड ओहमची, तिच्या आधी वेगळा रेझिस्टर हवा. हिशेब करा: १२ भागिले ३ म्हणजे ४ अँपिअर, १२ भागिले दीड म्हणजे ८. दीड ओहमची कॉइल रेझिस्टरशिवाय लावली तर दुप्पट करंट, कॉइल भाजते, पॉइंट जळतात. मल्टीमीटरने वायरी सुट्या करून मोजा.

पावसाळ्यातलं वेगळं

महाड-पोलादपूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. ट्यून-अपनंतर पहिल्याच पावसात मिसिंग सुरू झालं तर रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा, हात लांब. वायरींवरून, कॅपवरून निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या तर करंट ओलाव्यातून पळतोय. इंजिन बंद करून कॅप आतून-बाहेरून कोरड्या सुती फडक्याने पुसा. पेट्रोलने पुसू नका, बंद जागेत वाफ आणि ठिणगी एकत्र आली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल, जुलै २०२१ च्या पुरात आपल्याकडे अशा किती होत्या, तर डेल्को पूर्ण खोलून आतला गाळ काढल्याशिवाय पुढचं काही तपासू नका. आत वजनं आणि स्प्रिंग असतात, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडायला. ती गाळाने किंवा गंजाने अडकली तर उभी गाडी छान वाटते आणि वेगाला मरते.

मोबाईलचा खरा उपयोग

काहीही काढायच्या आधी फोटो. कॅपवरच्या वायरी, पॉइंटचे वॉशर, डेल्को कुठल्या कोनात आहे. डेल्कोच्या बुडाला आणि इंजिनावर खडूने एक रेघ मारून तिचाही फोटो. म्हणजे टायमिंग हललं तरी मूळ जागा हरवत नाही. बल्ब लुकलुकतोय की नाही हे कळत नसेल तर स्लो मोशन व्हिडिओ काढा. फक्त फोन पंख्यापासून आणि करंटच्या वायरींपासून लांब.

वेळ का घालवायचा?

कुणी म्हणेल, चालतेय ना दोन-तीन सिलिंडरवर, चालू दे. तर मेलेल्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर पडतं. पीयूसीत तेच मोजलं जातं, आणि तिथे गाडी नापास होते. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, तिथेही फिटनेस बघतात. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं, खाली ऑइलमध्ये मिसळतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आंबेनळीच्या वळणावर, धुक्यात, मागून एसटी येत असताना गाडी बंद पडणं. ट्यून-अप केलेली गाडी पहिल्यांदा लांब किंवा घाटात नेऊ नका. आधी गावातल्या गावात अर्धा तास, चांगली गरम होईपर्यंत, मोबाईलला रेंज असलेल्या रस्त्यावर.

प्रश्न पाठवताना

गाडीचा प्रश्न व्हॉइस मेसेजवर पाठवणार असाल तर चार गोष्टी नक्की सांगा. एक, बिघाडाच्या आधी नक्की काय काय बदललं. दोन, बिघाड थंड असताना, गरम असताना की ओलं असताना. तीन, कॉइलच्या वायरीला ठिणगी आहे का आणि कुठल्या रंगाची. चार, जुने पार्ट अजून आहेत का. आणि इंजिनाचा आवाज वीस सेकंद रेकॉर्ड करून जोडा. गाडीशेजारी उभे राहून बोलू नका, नाहीतर मागच्या वेळसारखा कोंबड्याचाच आवाज जास्त येतो.

पुढच्या एपिसोडमध्ये कार्बोरेटर घेऊ. तोपर्यंत पॉइंट स्वच्छ ठेवा, चावी बंद ठेवा. भेटूया!